कागदाविना शोधयात्रा : हातयंत्र, अक्षांश-रेखांश आणि शिक्षक

भूगोलाच्या तासाला अक्षांश आणि रेखांश शिकविताना पुष्कळ शिक्षकांस असा अनुभव येतो की, मुले व्याख्या पाठ करतात, नकाशावर अचूक बोटही ठेवतात. परंतु त्या आकड्यांचा आपल्या पायाखालच्या जमिनीशी काही संबंध आहे, ही गोष्ट त्यांच्या मनात उतरत नाही. हा संबंध प्रत्यक्ष चालून पटवून देणारा एक खेळ गेल्या पंचवीस वर्षांत जगभर पसरला आहे. त्याचे नाव जिओकॅशिंग. या खेळात प्रारंभी कागदांचा फार मोठा भारा बरोबर न्यावा लागे. आता तोच मजकूर हातात मावणाऱ्या लहानशा यंत्रात नेता येतो. कागद सुटला ही सोय खरी. परंतु कागदाबरोबर पूर्वतयारीही सुटली, तर सोयीचे रूपांतर संकटात होण्यास वेळ लागत नाही. मुलांना घेऊन बाहेर पडणाऱ्या शिक्षकाने हा भेद नीट समजून घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खेळाचा उगम

अमेरिकेच्या उपग्रहांवरून स्थान सांगणारी जी. पी. एस. ही व्यवस्था मूळ लष्करी उपयोगासाठी उभारण्यात आली. सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संदेशात तेथील शासन मुद्दाम चूक मिसळीत असे. त्यामुळे दाखविलेले स्थान शंभर मीटरपर्यंत चुकू शके. २ मे २००० रोजी ही मिसळ बंद करण्यात आली आणि साध्या यंत्रासही काही मीटरांपर्यंत अचूक स्थान कळू लागले. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ३ मे २००० रोजी, डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक बादली ठेवली. तीत काही पुस्तके, संगणकाच्या तबकड्या, एक गलोल, खाण्याचा एक बंद डबा असे किरकोळ सामान आणि एक नोंदवही होती. त्या जागेचे अक्षांश-रेखांश त्यांनी संगणकजाळ्यावरील चर्चामंडळात जाहीर केले. ज्यास ती सापडेल त्याने एखादी वस्तू घ्यावी, एखादी ठेवावी आणि वहीत नोंद करावी, एवढाच नियम होता. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती शोधून काढली.

त्याच महिन्याच्या अखेरीस या खेळास ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचविले गेले. यातील ‘कॅश’ म्हणजे रोख पैसे नव्हेत. रानावनांत हिंडणारे प्रवासी परतीच्या वाटेसाठी शिधा लपवून ठेवीत, त्या ठेव्यास हा शब्द वापरीत. म्हणून आपणही यापुढे त्यास ‘ठेवा’च म्हणू.

कागदांचा भार

ठेवा शोधण्यास केवळ दोन आकडे पुरत नाहीत. ठेवा केवढा आहे, तेथवरची वाट कशी आहे, शोधणे किती कठीण आणि चढण किती अवघड (हे दोन्ही १ ते ५ अशा श्रेणींत दिलेले असते), ठेवणाऱ्याने काय सूचना केल्या आहेत, आधी येऊन गेलेल्यांनी काय लिहिले आहे, ही सारी माहिती जवळ असावी लागते. शिवाय एक गुप्त सूचनाही असते. ती साध्या सांकेतिक लिपीत लिहितात : रोमन वर्णमालेतील २६ अक्षरांचे १३-१३ चे दोन भाग करावयाचे आणि प्रत्येक अक्षराऐवजी समोरच्या भागातील त्याच क्रमाचे अक्षर लिहावयाचे. ज्यास सूचना नको असेल त्याची नजर चुकून तीवर पडू नये, हा त्यातील हेतू.

आरंभीच्या काळात शोधक ही पाने छापून घेत. एका ठेव्यास दोन-तीन पाने धरली, तर वीस ठेव्यांच्या फेरीस पन्नासएक पाने होत. पावसात ती भिजत, वाऱ्यात उडत, आणि नेमके हवे असलेले पान गठ्ठ्याच्या तळाशी सापडे. बरोबरचे स्थानदर्शक यंत्र बिंदूचे अक्षांश-रेखांश आणि सहा अक्षरांचे तोकडे नाव एवढेच साठवी; बाकी सारे कागदावर.

यावर पहिला उपाय निघाला तो खिशातील टिपणयंत्राचा. १९९६ साली बाजारात आलेल्या ‘पाम’ जातीच्या यंत्रांत लोक ठेव्यांची वर्णने भरून नेऊ लागले. कागद सुटला, पण दोन यंत्रे आली : एक वाट दाखविणारे, दुसरे मजकूर दाखविणारे. २००२ साली ‘जी. पी. एक्स.’ या नावाची माहितीची एक खुली मांडणी प्रसिद्ध झाली होती. स्थानाबरोबर त्याचे वर्णन, सूचना आणि पूर्वीच्या नोंदी एकाच फाइलीत बांधण्यास ती उपयोगी पडली. पुढे २००८ पासून गार्मिन कंपनीच्या ‘कोलोरॅडो’ आणि ‘ऑरेगन’ या हातयंत्रांना ही फाइल थेट वाचता येऊ लागली. मग वाट आणि मजकूर एकाच पडद्यावर आले. आज हेच काम मोबाइलही करतो.

कागद सोडण्याचा खरा लाभ

कागदाची बचत हा या बदलाचा लहान लाभ होय. मोठा लाभ असा की, आकडे हाताने उतरवून घेण्याचे काम संपले. याचे महत्त्व वर्गात गणित करूनच पटवावे.

उल्मर यांच्या पहिल्या ठेव्याचे अक्षांश उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटे असे होते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १,८५२ मीटर. म्हणून मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जेमतेम दोन मीटर. आता समजा, कागदावरून यंत्रात आकडा घालताना १७.४६० ऐवजी १७.६४० असे लिहिले गेले. दोन अंकांची अदलाबदल, एवढीच चूक. पण तिने शोधक ०.१८० मिनिट, म्हणजे सुमारे ३३३ मीटर दूर जाईल. सपाट शेतात ही चूक हसण्यावारी जाईल. दरीच्या काठी ती हसण्यावारी नेता येणार नाही.

दुसरी चूक याहून घातक. तेच अक्षांश दशांश पद्धतीने लिहिले तर १७.४६० ला ६० ने भागून ४५.२९१०० अंश असे होते. मिनिटे आणि दशांश अंश यांतील भेद न जाणणारा मनुष्य ४५.१७४६० असे लिहील, आणि त्याची यात्रा सुमारे तेरा किलोमीटर चुकेल! जी. पी. एक्स. फाइलीत स्थान दशांश अंशांत असते, तर खेळाच्या पानांवर बहुधा अंश-मिनिटांत. फाइल सरळ यंत्रात घातली म्हणजे हे रूपांतर यंत्रच करते आणि मध्ये मनुष्याचा हात येत नाही.

मात्र शिक्षकाने येथे थांबू नये. यंत्र रूपांतर करते म्हणून विद्यार्थ्याने ते शिकू नये, असा अर्थ नव्हे. दोन-तीन बिंदूंचे रूपांतर मुलांकडून वर्गात करून घ्यावे आणि यंत्राच्या उत्तराशी ताडून पाहावे. ज्यास उत्तर साधारण किती यावे हे ठाऊक असते, त्यालाच यंत्र चुकले आहे हे ओळखता येते.

यंत्र काय करू शकत नाही

मुलांचा एक सार्वत्रिक गैरसमज असा की, यंत्र उपग्रहास प्रश्न विचारते व उपग्रह उत्तर देतो. वस्तुतः हातयंत्र काहीच पाठवीत नाही; ते केवळ ऐकते. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली वेळ व जागा सतत कळवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश पोहोचण्यास किती वेळ लागला, यावरून यंत्र आपले स्थान गणिताने काढते. म्हणून स्थान कळण्यास मोबाइलचे जाळे लागत नाही. परंतु मोबाइलवरील नकाशा आणि ठेव्याचे वर्णन बहुधा त्या जाळ्यावरूनच येते. जाळे नसलेल्या डोंगरात मोबाइल आपण कोठे आहोत हे सांगेल. पण सभोवती काय आहे हे दाखवू शकणार नाही. आदल्या दिवशी नकाशा व फाइल उतरवून ठेवली असेल तरच तो कामाचा.

दुसरे असे की, मोकळ्या आकाशाखालीही सामान्य यंत्र सुमारे पाच मीटरपर्यंत चुकते. दाट झाडीत व उंच कड्यांच्या पायथ्याशी याहून अधिक. म्हणून शेवटच्या दहा पावलांत पडदा पाहू नये, डोळे उघडून भोवताली पाहावे. तिसरे, यंत्र सरळ रेषेतील दिशा व अंतर दाखविते. मधला ओढा, कुंपण वा कडा त्यास दिसत नाही. तो आपणांस दिसला पाहिजे.

आदल्या दिवशीची तयारी

१. माहितीची फाइल शक्य तितकी ताजी उतरवावी. ठेवे हरवतात, मोडतात, काढून घेतले जातात. महिन्यापूर्वीच्या फाइलीवर विसंबून गेल्यास नसलेली वस्तू शोधण्यात दिवस जातो.

२. फाइल यंत्रात घातल्यावर प्रत्येक ठेवा उघडून वर्णन, श्रेणी व सूचना दिसतात की नाही हे घरीच पाहावे. काही फाइलींत केवळ नाव व स्थान असते, वर्णन नसते. हे रानात गेल्यावर कळून उपयोग नाही.

३. फेरीचा नकाशा यंत्रात साठवून जाळे बंद करावे आणि तो उघडतो का, याची परीक्षा घ्यावी.

४. विजेची तरतूद करावी. सेलवर चालणारे यंत्र असल्यास नव्या सेलांची एक जोडी जवळ ठेवावी. मोबाइल असल्यास पूर्ण भारित करून वीजसाठ्याची पेटी बरोबर घ्यावी.

५. निघण्याच्या जागेचा बिंदू यंत्रात अवश्य नोंदवावा. ठेवा न सापडला तरी चालेल. परतीची वाट सापडलीच पाहिजे.

६. एक कागद मात्र जवळ असावा. त्यावर निघण्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश, वाटेचा ओबडधोबड आराखडा, मुलांची नावे आणि आवश्यक दूरध्वनी क्रमांक पेन्सिलीने लिहावेत. जोडीस साधे होकायंत्र ठेवावे. पेन्सिलीचा कागद भिजला तरी वाचता येतो. विझलेला पडदा वाचता येत नाही.

ठेवा सापडल्याची वा न सापडल्याची वेळेसह नोंद यंत्रात करता येते व परतल्यावर ती आपल्या खात्यात चढविता येते. परंतु डब्यातील नोंदवहीत स्वतःच्या हाताने नाव लिहिणे हा या खेळाचा दंडक आजही कायम आहे. तेवढा कागद यंत्राने घेतलेला नाही, म्हणून पेन्सिल विसरू नये.

आपल्या शाळांसाठी

या खेळाचे तत्त्व आपल्या परिसरात अल्प खर्चात योजता येईल. शिक्षकाने गावाच्या शिवारात, मालकाच्या संमतीने, एकमेकांपासून निदान शंभर-दीडशे मीटर अंतरावर चार-पाच बिंदू निवडून यंत्रात नोंदवावेत. बिंदू फार जवळ असल्यास अंतराच्या मानाने यंत्राची चूक मोठी भासू लागते. प्रत्येक बिंदूवर झाकणाच्या डब्यात एक वही आणि परिसरासंबंधी एक प्रश्न ठेवावा : येथून पाणी कोणत्या दिशेस वाहते? समोरच्या झाडाचे नाव काय? डबा जमिनीत पुरू नये आणि त्यात खाद्यपदार्थ ठेवू नयेत. पहिल्या ठेव्यात खाण्याचा डबा होता खरा, पण अन्नाच्या वासाने जनावरे येतात हे ध्यानी आल्यामुळे या खेळाच्या नियमांनी पुढे ते वर्ज्य केले. किल्ले, लेणी व अन्य संरक्षित वास्तू यांत काहीही लपवू नये. बेवारस डबा पाहून लोकांना भय वाटते, हे लक्षात घेऊन त्यावर शाळेचे नाव लिहावे, ग्रामपंचायतीस आधी कळवावे आणि खेळ संपताच सारे डबे उचलून आणावेत.

यंत्र एक आणि मुले तीस, अशी स्थिती बहुतेक शाळांत राहील. अशा वेळी यंत्र ज्याच्या हाती तोच शिकतो व बाकीची मुले मागून चालतात, हा धोका मोठा आहे. यास्तव पाच-पाच मुलांचे गट करून कामे वाटून द्यावीत : एकाने यंत्रातील अंतर मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने होकायंत्राने दिशा सांगावी, तिसऱ्याने पावले मोजावीत, चौथ्याने कागदावर वाट काढावी, पाचव्याने पायाखाली व पुढे पाहावे. प्रत्येक बिंदूवर यंत्र पुढील गटाकडे द्यावे आणि गटातील कामेही बदलावीत.

अशी एक फेरी झाली म्हणजे मुलांना कळते की, मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे आपली तीन-चार लहान पावले. मग नकाशावरील रेघा निर्जीव राहत नाहीत. यंत्राने आपल्या हातातील कागदांचा भारा खुशाल उचलावा. मुलांना सुखरूप परत आणण्याचा भार शिक्षकाच्याच खांद्यावर राहणार, हे मात्र कधी विसरू नये.