आडनावात लपलेले गाव

हजेरीच्या वेळी शेवटी 'कर' असलेली आडनावे मोजून पाहा. गावाच्या नावाला 'कर' लागले की आडनाव तयार. पण कारापुरात राहणाऱ्याला कोणी कारापूरकर म्हणत नाही. गाव सोडल्यावरच लोक तसे ओळखतात. म्हणजे असे आडनाव बहुधा सोडलेल्या गावाचे असते.

मंगेशीच्या पुजारी घराण्याचे मूळ आडनाव हर्डीकर; अभिषेक करणारे म्हणून अभिषेकी. त्याच घराण्यातील दीनानाथांनी (जन्म १९००) मंगेशकर हे नाव घेतले. खुद्द श्री मंगेशही १५६० साली पोर्तुगीजांच्या धाकाने कुठ्ठाळीहून प्रियोळला आलेले! भाऊसाहेब बांदोडकरांचे आडनाव फोंड्यातल्या बांदोड्याचे, जन्म मात्र पेडण्याचा.

आम्हाला सर्वांत जास्त लागते ते कुर्डीकर. गायिका मोगूबाई १९०४ साली सांगे तालुक्यातील कुर्डीत जन्मल्या. १९८०च्या दशकात साळावली धरणाच्या पाण्यात ते गाव बुडाले आणि कुटुंबे दुसरीकडे वसवली गेली. गाव गेले, आडनाव राहिले. उन्हाळ्यात पाणी उतरले की घरांचे चौथरे उघडे पडतात आणि जुने कुर्डीकर सोमेश्वराच्या उत्सवाला तिथे जमतात. मोगूबाईंची कन्या किशोरीताई लग्नानंतर आमोणकर झाल्या. आमोणे तर आपल्याच डिचोली तालुक्यात, जवळच आहे.

पालकांना विनंती की आपले कुटुंब कोणत्या गावाहून, कधी व का आले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाल्याकडून लिहून घ्यावे आणि वर्गशिक्षकांकडे द्यावे. ज्यांच्या आडनावात 'कर' नाही, त्यांनीही द्यावे.