ताप उतरला, घर मिळायचंय

जून २०२४च्या अखेरीस रतन टाटांनी समाजमाध्यमावरून मुंबईकरांकडे मदत मागितली. त्यांच्या पुढाकाराने मुंबईत उभ्या राहिलेल्या प्राण्यांच्या रुग्णालयात सात महिन्यांचं एक कुत्रं दाखल होतं. गोचीड तापाचा संशय होता आणि रक्त इतकं कमी झालेलं की दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवणं भागच होतं. दात्यासाठीच्या अटीही त्यांनी दिल्या होत्या: वय एक ते आठ वर्षं, वजन किमान २५ किलो, लसी पूर्ण, जंताचं औषध दिलेलं, मोठं दुखणं कधी झालेलं नाही आणि गेल्या सहा महिन्यांत अंगावर गोचीड नाही. दाते लगेच मिळाले. कॅस्टिएल, लिओ, स्कूबी, रॉनी आणि इव्हान या पाच कुत्र्यांचे टाटांनी नावानिशी आभार मानले.

एवढा मोठा माणूस एका कुत्र्यासाठी रक्त मागतो, म्हणून ती बातमी झाली. पण तेच दुखणं घेऊन आलेली कुत्री राज्यातल्या जवळपास प्रत्येक निवाऱ्यात असतात. त्यातली बरीचशी बरीही होतात. रस्त्यावरून उचललेला, हाडं मोजता येतील असा कुत्रा महिन्याभरात उड्या मारायला लागतो, हे तिथल्या कामगारांना नवं नाही. त्यानंतर घर मिळेपर्यंतचा काळ मात्र कुणाच्या हातात नसतो. बरा झालेला कुत्रा लोकांना ‘आजारी होता ना तो’ असाच दिसत राहतो. म्हणूनच अशा दुखण्यांनंतर नेमकं मागे काय राहतं आणि काय राहत नाही, हे माहीत असणं महत्त्वाचं आहे.

सुरुवात गोचिडापासून. कुत्र्यांवरच्या तपकिरी गोचिडाची मादी रक्त पिऊन टम्म फुगली की खाली पडते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. अळीपासून पुढच्या प्रत्येक अवस्थेत गोचीड कुत्र्यावर चढते, रक्त पिते, उतरते, कात टाकते. म्हणजे अंगावर दिसतात त्याहून किती तरी जास्त गोचिडी जमिनीवर, खाटेखाली, जिन्याच्या फटीत असतात. त्यांच्या चाव्यातून मुख्यतः दोन जंतू येतात. एर्लिकिया हा जिवाणू पांढऱ्या पेशींत घर करतो आणि प्लेटलेट खाली आणतो, त्यामुळे कधी नाकातून रक्त वाहतं, कधी पोटावर जांभळे डाग उठतात. बबेसिया हा परजीवी थेट तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. आपल्याकडे सर्रास आढळणारी बबेसिया गिब्सोनी ही जात जगात प्रथम नोंदली गेली ती १९१० मध्ये, मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत आणि कोल्ह्यांत. दुखणं इथल्याच मातीतलं, असं म्हणायला हरकत नाही.

एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चालतं. स्वस्त, जुनं, भरवशाचं औषध. अडचण एवढीच की ते २८ दिवस द्यावं लागतं आणि कुत्रा दोन-तीन दिवसांतच जेवायला लागतो. शेपूट हलली की माणसाला वाटतं, झालं काम. निवाऱ्यात गोळी ठरल्या वेळेला मिळते, कारण पिंजऱ्यावर कागद लावलेला असतो आणि खूण करणारा माणूस असतो. गल्लीतल्या कुत्र्याला असा माणूस मिळेलच असं नाही. तो अर्ध्यावर सुटतो आणि पुन्हा तापतो. दत्तक घेणाऱ्याने इतकंच जाणून घ्यावं की हा ताप कुत्र्याला कुरवाळल्याने माणसाला होत नाही, शेजारच्या कुत्र्यालाही गोचिडाशिवाय सहसा होत नाही. उपचार पुरा झालेल्या कुत्र्याची अधूनमधून रक्ततपासणी केली आणि गोचिडाचं औषध वेळेवर दिलं, तर तो इतर कुणाही कुत्र्यासारखा जगतो.

पिल्लांचा काळ म्हणजे पार्वो. १९७८च्या सुमारास हा विषाणू अचानक जगभर पसरला, त्याआधी कुत्र्यांना तो ठाऊकच नव्हता. वेगाने वाढणाऱ्या पेशी त्याला लागतात, म्हणून तो आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज गाठतो. उलट्या, रक्ताचे जुलाब आणि एक विशिष्ट उग्र वास. निवाऱ्यातली माणसं त्या वासावरूनच ओळखतात. थेट विषाणू मारणारं खात्रीचं औषध सहज मिळत नाही. सलाइन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, दुय्यम संसर्गासाठी अँटिबायोटिक, अंगाला ऊब आणि रात्रभर जागणारं कुणी तरी, एवढ्यावर लढाई असते. उपचार नसतील तर बहुतेक पिल्लं दगावतात, वेळेत मिळाले तर बहुतेक वाचतात. वाचलेल्या पिल्लाला या रोगाविरुद्ध दीर्घकाळ टिकणारी प्रतिकारशक्ती मिळते. सांभाळायचं असतं ते दुसऱ्याला. हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनाइलला दाद देत नाही, ब्लीचसारखं जंतुनाशकच लागतं. घरात लस न झालेलं दुसरं पिल्लू असेल, तर आधी त्याची लस, मग नवा पाहुणा.

सगळ्यात जास्त गैरसमज डिस्टेंपरबद्दल आहेत, आणि सगळ्यात जास्त अन्यायही याच कुत्र्यांवर होतो. माणसाचा गोवर आणि गुरांची बुळकांडी यांच्याच कुळातला हा विषाणू. बुळकांडी २०११ मध्ये जगातून हद्दपार झाली, हा मात्र उरला. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मेलेल्या सिंहांच्या नमुन्यांत हाच विषाणू शोधला होता. कुत्र्यात तो आधी डोळ्या-नाकातून पू आणतो, मग फुप्फुसं धरतो, पंजांच्या गाद्या कडक करतो आणि शेवटी मेंदूपर्यंत पोहोचतो. बरेच कुत्रे त्या टप्प्यावर दगावतात. जे तरतात, त्यांतल्या काहींच्या एखाद्या पायाला, जबड्याला किंवा कपाळाला ठेक्यात झटके येत राहतात. झोपेतही ते थांबत नाहीत. लहानपणी रोग झाला असेल, तर पक्क्या दातांवर खड्डे दिसतात, कारण दातांचं कवच घडत असतानाच विषाणूने गाठलेलं असतं.

दत्तक घ्यायला आलेलं कुटुंब त्या थरथरत्या पायाकडे बघतं आणि पुढच्या पिंजऱ्याकडे सरकतं. खरं तर तो पाय म्हणजे रोगाचा मागे राहिलेला व्रण आहे. शरीरातून विषाणू बाहेर पडणं काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत थांबतं, त्यानंतर हा कुत्रा कुणाला संसर्ग देत नाही. तो चालतो, धावतो, चेंडू आणतो. झटके वाढले किंवा फिट आली तर डॉक्टरकडे जायचं, हे खरं. पण अनेक कुत्रे असा एक थरथरता पाय घेऊन वर्षानुवर्षं सुखाने नांदतात. माणूस लंगडतो म्हणून त्याला घर नाकारलं तर आपल्याला राग येतो. इथे तो राग येत नाही, याचं वाईट वाटतं.

सदाफुलीचं या कहाणीत अनपेक्षित स्थान आहे. कुंपणाला, कुंडीत, देवाच्या ताटात असणाऱ्या या झाडातून व्हिन्क्रिस्टिन हे औषध काढतात. माणसांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते वापरतात, आणि भटक्या कुत्र्यांच्या एका विलक्षण कर्करोगावरही. या रोगात गाठीच्या जिवंत पेशीच समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. काही हजार वर्षांपूर्वी एका कुत्र्यात सुरू झालेली ती गाठ आज जगभरच्या कुत्र्यांत जगते आहे. कुत्री मागून सतत रक्त गाळते, लोक माजावर आहे म्हणून दुर्लक्ष करतात. आठवड्याला एक इंजेक्शन, साधारण चार ते सहा आठवडे, आणि बहुतेक कुत्र्यांची गाठ पूर्ण विरघळते. कर्करोग हा शब्द ऐकून मागे सरणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावं. बऱ्या झालेल्या, नसबंदी केलेल्या कुत्रीला तो सहसा परत होत नाही.

इतके बरे झालेले कुत्रे निवाऱ्यात का राहतात, असा प्रश्न रास्त आहे. २००१ पासूनच्या आणि २०२३ मध्ये नव्याने आलेल्या नियमांनुसार भटक्या कुत्र्याची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून त्याला उचललेल्याच जागी सोडतात. भूल असतानाच कानाला छोटी खाच पाडतात, ती त्याची ओळख. धडधाकट कुत्रा असा परत जातो. मागे राहतात ते तीन पायांचे, आंधळे, झटके येणारे, आईविना सापडलेली पिल्लं आणि मालकाने गाडीतून आणून सोडून दिलेले जातिवंत कुत्रे, ज्यांना रस्ता ठाऊकच नसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे निवाऱ्यांत हलवायला सांगितलं. त्याच महिन्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्रे वगळता बाकीचे लसीनंतर आपल्या जागी परततील, असं ठरलं. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, मात्र तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांची, असंही पीठाने म्हटलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकांच्या आवारातले कुत्रे हलवून तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. म्हणजे निवाऱ्यांवरचा भार वाढणार. भटक्या कुत्र्यांवरून शहर पेटणं आपल्याला नवं नाही. जून १८३२ मध्ये कुत्रे मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध मुंबईत पारशी रस्त्यावर उतरले होते.

रस्त्यावर जगणं किती अवघड, याचा हिशेब कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आहे. पश्चिम बंगालमधल्या ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांवर त्यांनी लक्ष ठेवलं. सात महिन्यांपर्यंत पोहोचली जेमतेम १९ टक्के. मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांत माणसाचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हात होता.

निवारा यातून वाचवतो, पण निवारा म्हणजे घर नव्हे. शेजारच्या पिंजऱ्यातलं भुंकणं रात्रभर चालू असतं आणि आजारातून उठलेल्या जिवाला सगळ्यात जास्त लागते ती झोप. अमेरिकेतल्या पाच निवाऱ्यांमधल्या २०७ कुत्र्यांवर झालेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. कुत्र्यांना फक्त एक-दोन रात्री कुणाच्या घरी राहायला नेलं. ताणाचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी झालं आणि तिथे त्यांना सलग विश्रांती मिळाली. परत आल्यावर कॉर्टिसॉल पूर्वीच्याच पातळीला गेलं, त्याहून वर गेलं नाही. म्हणजे ‘थोडे दिवस नेऊन परत आणलं तर त्याला आणखी वाईट वाटेल’ ही भीती निदान या मोजमापात तरी खरी ठरली नाही. तात्पुरतं घर, ज्याला सगळे फॉस्टर म्हणतात, ते म्हणूनच उपचाराचा भाग मानायला हवं.

कायमचं न्यायचं ठरवलं, तर निवाऱ्यातून कुत्र्याबरोबर त्याची फाइलही मागावी. आजार, औषधांच्या तारखा, रक्तपेशींच्या मोजणीचे (सीबीसी) अहवाल, लसी, नसबंदी, कुणावर धावून गेला का, जेवताना कसा वागतो, हे सगळं त्यात मिळायला हवं. दुकानातून हजारो रुपये मोजून आणलेल्या पिल्लाबद्दल एवढी माहिती क्वचितच मिळते. घरी आल्यावर पहिले काही दिवस तो खाटेखाली बसेल, ताटाला तोंड लावणार नाही, घरात लघवी करेल. त्याला बाहेर ओढू नये, पाहुण्यांना बोलावून दाखवू नये. सोसायटीने हरकत घेतली, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं त्यांच्यापुढे ठेवावीत. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी मालकाशी आधी बोलून घ्यावं, कारण घर बदलताना परत आलेले कुत्रे निवाऱ्यांनी बरेच पाहिलेले असतात.

आणि कायमचं जमणार नसेल, तर डॉक्सिसायक्लिनचे उरलेले दोन आठवडे तरी आपल्याकडे घ्यावेत. दिवसाला गोळी, पोटभर जेवल्यावर, वर पाणी. जागा म्हणून गॅलरीचा एक कोपरा पुरतो. तेवढ्याने निवाऱ्यातला एक पिंजरा ब्लीचने धुऊन त्याच दिवशी पुढच्या रुग्णासाठी रिकामा होतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुढचा रुग्ण दारात उभा असतोच.