गोकुल चाटसमोरचा प्रश्न: दहशतवादी हल्ल्यांची आपल्याला सवय का होते?

डिसेंबरमध्ये आमच्या शाळेची सहल हैदराबादला गेली होती. धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या शाळांसाठी हैदराबाद म्हणजे ठरलेली सहल. पालकांची संमतीपत्रं, एसटीची गाडी, जाताजाता नळदुर्गचा किल्ला, मग उमरग्यावरून सरळ हायवे. दुसऱ्या दिवशी चारमिनार, सालारजंग म्युझियम, गोवळकोंडा. संध्याकाळी मुलांना कोठी भागातल्या गोकुल चाटवर नेलं. पाय ठेवायला जागा नव्हती. मुलं हातात प्लेट घेऊन उभ्याउभ्याच खात होती.

मी सहज म्हणालो, "इथं बॉम्बस्फोट झाला होता, माहीत आहे का?" कुणालाच माहीत नव्हतं. कसं असणार? २५ ऑगस्ट २००७ ला ही मुलं जन्मलीही नव्हती. त्या संध्याकाळी गोकुल चाट आणि लुंबिनी पार्क अशा दोन ठिकाणी काही मिनिटांच्या अंतरानं स्फोट झाले आणि चाळीसहून जास्त माणसं गेली. लुंबिनी पार्कमध्ये लेझर शो बघायला बसलेल्यांत संगमनेरच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं होती. तीही आमच्यासारखीच महाराष्ट्रातून सहलीला आली होती. त्यातली काही घरी परतली नाहीत.

नववीतल्या एका मुलीनं प्लेट खाली केली आणि विचारलं, "सर, मग आपण इथं का आलो?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचं राहून गेलेलं उत्तर समजा.

सवय ही वाईटच असते असं नाही

एसटी स्टँडला लागून घर असलं की पाहुण्याला रात्रभर झोप येत नाही. घरचे मात्र गाढ झोपलेले असतात. आवाज तोच, पण मेंदूनं त्याची दखल घेणं सोडून दिलेलं असतं. बातम्यांचंही असंच होतं. पहिला स्फोट हादरवतो, पाचव्याला आपण टीव्हीचा आवाज कमी करून जेवायला बसतो.

ही सवय नसती तर जगणं अवघड झालं असतं. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून अधिक लोक गेले. दुसऱ्या दिवशी गाड्या धावल्या आणि लोक चढले. त्याला "मुंबई स्पिरिट" म्हणून हार घातले गेले. पण त्या गर्दीतल्या बहुतेकांना विचारलं असतं, तर "कामावर नाही गेलो तर पगार कापतील" हेच उत्तर आलं असतं. धाडस आणि नाइलाज लांबून सारखेच दिसतात.

पर्यटन कसं पडतं आणि कसं उठतं

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ लोक मारले गेले. लिओपोल्ड कॅफे काही दिवसांतच उघडलं. ट्रायडंट आणि ताजचा टॉवरचा भाग २१ डिसेंबरला, म्हणजे महिनाही पुरा व्हायच्या आत सुरू झाला. २००८ मध्ये भारतात सुमारे ५२.८ लाख परदेशी पर्यटक आले होते, २००९ मध्ये ५१.७ लाख आले. त्यात जागतिक मंदीचाही वाटा होता. २०१० मध्ये आकडा ५७ लाखांच्या वर गेला. जागतिक प्रवास आणि पर्यटन परिषदेचे अभ्यासही हेच सांगतात: दहशतवादी घटनेनंतर पर्यटन सावरायला सरासरी वर्षभर लागतं, राजकीय अस्थिरतेनंतर त्याहून बराच जास्त काळ.

मग पर्यटन खरं मोडतं कशानं? इस्राएलमधल्या पर्यटनावर पिझाम आणि फ्लायशर या अभ्यासकांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकच मोठा हल्ला पर्यटकांना जितका दूर ठेवतो, त्यापेक्षा वारंवार होणारे हल्ले जास्त दूर ठेवतात, असं त्यांना दिसलं. काश्मीर हे त्याचं आपल्याकडचं उदाहरण. १९८८ मध्ये खोऱ्यात सात लाखांच्या आसपास पर्यटक आले होते. हिंसाचार रोजचा झाला आणि नव्वदच्या दशकात ही संख्या काही हजारांवर आली. हाउसबोटी ओस पडल्या.

आपल्या भीतीचा हिशोबही गमतीशीर असतो. डोळ्यांसमोर चित्र ताजं असलं की धोका मोठा वाटतो. ११ सप्टेंबर २००१ नंतर अनेक अमेरिकनांनी विमान सोडून मोटारी काढल्या. त्यामुळे वर्षभरात रस्त्यांवर सुमारे १५०० जास्तीचे बळी गेले, असा अंदाज गर्ड गिगरेन्झर या मानसशास्त्रज्ञानं मांडला. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त लोक गेले. सहलीत गोकुल चाटपेक्षा सोलापूर-हैदराबाद हायवेची काळजी मला जास्त वाटायला हवी होती. पण त्या धोक्याचीही आपल्याला सवय झाली आहे.

पहलगामची किंमत कोणी मोजली?

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात २६ जण मारले गेले. त्यात महाराष्ट्रातले सहा जण होते: डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन, पनवेलचे एक. धर्म विचारून गोळ्या घातल्या, असं वाचलेल्यांनी सांगितलं. हे वाक्य आपल्या लोकांनी नजर न चुकवता वाचलं पाहिजे.

आणि हेही वाचलं पाहिजे की त्या २६ जणांत एक स्थानिक मुस्लिम घोडेवाला होता. पर्यटकांना वाचवायला तो पुढे झाला होता. त्याच्या जनाज्याला मुख्यमंत्री उमर अब्दुल्ला गेले. दुसऱ्या दिवशी काश्मीर खोरं बंद राहिलं. हा बंद हल्लेखोरांच्या विरोधात होता.

त्यानंतर ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली गेली. १७ जूनला त्यातली १६ उघडली, पुढे आणखी उघडत गेली. कागदावर पर्यटन सावरू लागलं. पण घोडेवाला, शिकारावाला, शालवाला यांचं गणित वेगळं असतं. एप्रिल ते जून हा त्यांचा कमाईचा मोसम. आपलं बुकिंग रद्द झालं तर आपण पुढच्या वर्षी जातो, किंवा केरळला जातो. त्याचा गेलेला मोसम परत येत नाही, घोड्याचा चारा मात्र रोज लागतो.

भीती ओसरते, संशय ओसरत नाही

इथं मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. आपण म्हणतो लोक विसरतात. पण लोक सगळं विसरत नाहीत. जागेची भीती काही महिन्यांत जाते. माणसाबद्दलचा संशय मागे राहतो.

पहलगामनंतर अनेक राज्यांत शिकणाऱ्या काश्मिरी विद्यार्थ्यांना धमक्या आल्या, मारहाणीच्या तक्रारी झाल्या. हल्ल्यात मारल्या गेलेल्या नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीनं मुस्लिम आणि काश्मिरी लोकांच्या मागे लागू नका, असं आवाहन केलं. तर लोकांनी त्या विधवेलाच ट्रोल केलं. १० नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ कारमध्ये स्फोट झाला. लाल किल्ला काही दिवसांत पर्यटकांसाठी उघडला. भाड्यानं खोली शोधणाऱ्या काश्मिरी मुलासाठी दारं इतक्या लवकर उघडत नाहीत.

आपल्या घरातली बधिरता

दुसऱ्यांचं सांगून झालं, आता स्वतःचं सांगतो. बातमी आली की माझ्या तोंडून पहिला प्रश्न "किती गेले?" असा येत नाही. "कोणी केलं?" असा येतो. मनात दुआ चाललेली असते, या अल्लाह, नाव आपल्यातलं नसू दे. नाव कळेपर्यंत मेलेल्यांकडे लक्षच जात नाही.

ही सवय आभाळातून पडलेली नाही. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात कबरस्तानजवळ स्फोट झाले. मेलेले बहुतेक आपले, आणि पकडले गेलेले तरुणही आपलेच. त्या तरुणांना विशेष न्यायालयानं आरोपमुक्त केलं ते २०१६ मध्ये. दहा वर्षं गेली. अशा अनुभवानंतर घाबरलेला समाज आधी नावच विचारणार.

कारण समजलं म्हणून सवय बरोबर ठरत नाही. आपला निषेधही आता साचेबंद झालाय. तेच पोस्टर, तीच आयत, फक्त तारीख बदलून फॉरवर्ड. जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटं फोटो. निषेध खोटा असतो असं मी म्हणत नाही. पण त्यात रडणं कमी आणि "आम्ही त्यांच्यातले नाही" हे सांगणं जास्त असतं. मेलेल्याच्या घरच्यांना हा फरक कळतो.

मग करायचं काय?

वर्गात मी एक छोटी गोष्ट सुरू केली आहे. अशी बातमी आली की आकडा फळ्यावर लिहायचा नाही. गेलेल्यांपैकी एका माणसाबद्दल वाचायचं: गाव कोणतं, काम काय करायचा, घरी कोण आहे. आकडा मोठा होत जातो तशी माणसाची कळवळ कमी होते, हे मानसशास्त्रानं अभ्यासलेलं आहे. एका माणसाची गोष्ट ऐकली की ती परत जागी होते. "कोणी केलं?" यावर आम्ही दुसऱ्या दिवशी बोलतो, पोलिसांनी आणि कोर्टानं काय म्हटलं ते बघून.

घरातही हे करता येईल. बातमी लागली की मोबाइल घेण्याआधी गेलेल्यांसाठी थोडं थांबावं, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. आणि काश्मीरला जाणं जमत असेल तर जावं. घोडेवाल्याशी भाव करताना मागचा मोसम कसा गेला, तेही विचारावं.

त्या मुलीला आता सांगता येईल. बेटा, आपण गोकुल चाटला गेलो त्यात काहीच चूक नव्हती. दुकानं उघडायलाच हवीत, सहली निघायलाच हव्यात. चूक माझी एवढीच झाली की संगमनेरच्या त्या मुलांबद्दल तुम्हाला गाडीतच सांगायला हवं होतं, आणि ते मी प्लेट हातात आल्यावर सहज बोलून गेलो. पुढच्या सहलीला लुंबिनी पार्कलाही जाऊ. लेझर शो बघू, आणि त्याआधी दोन मिनिटं गप्प उभे राहू.