पूचा खराखुरा सवंगडी

‘विनी द पू’मधला क्रिस्टोफर रॉबिन म्हणजे लेखक ए. ए. मिल्न यांचा एकुलता एक मुलगा. पू हे त्याचंच खेळण्यातलं अस्वल! १९२६ साली पुस्तक आलं, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. पुढे बोर्डिंग शाळेत मुलं त्याच्यावरच्या कवितेची रेकॉर्ड लावून त्याला छळायची. कीर्ती वडिलांची, सोसणं मात्र पोराचं. फार वाईट वाटतं वाचताना.

मोठेपणी ते महायुद्धात लढले, जखमी झाले. १९५१ मध्ये त्यांनी डार्टमथला पुस्तकांचं दुकान थाटलं. वडिलांबद्दलची कटुता त्यांनी ‘द एन्चान्टेड प्लेसेस’ (१९७४) या आठवणींच्या पुस्तकात प्रांजळपणे मांडली. पूच्या चाहत्यांनी ते जरूर वाचावं.