आकाशातून आलेले गाणे आणि वर्गणीदाराचा हक्क

३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील लाखाहून अधिक घरांत एक विशिष्ट प्रकारचा रेडिओ कायमचा मुका झाला. संचात बिघाड नव्हता, वीज होती, आणि ज्याच्याकडून ध्वनी यावयाचा तो उपग्रहही विषुववृत्तावर आपल्या जागी स्थिर होता. मुकी झाली होती ती केवळ सेवा. 'वर्ल्डस्पेस' या अमेरिकन कंपनीने भारतातील आपले प्रसारण त्या दिवशी थांबविले, आणि हिंदुस्थानी संगीताची 'गांधर्व', कर्नाटक संगीताची 'श्रुती', जुन्या हिंदी चित्रपटगीतांची 'फरिश्ता', तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, पंजाबी अशा भाषांच्या वाहिन्या, पाश्चात्त्य अभिजात संगीताची 'माएस्ट्रो' आणि जॅझची 'रिफ' एकाच रात्री येथील श्रोत्यांना नाहीशा झाल्या. वर्ष संपावयास थोडेच दिवस उरले असताना वर्गणीदारांना तसे कळविण्यात आले होते. ज्यांनी पुढील काळाची वर्गणी आगाऊ भरली होती, त्यांच्या हाती उरला तो संच आणि खिडकीत बसविलेला चपटा अँटेना.

नव्या पिढीला ही सेवा ठाऊक असण्याचा संभव कमी, म्हणून थोडी पूर्वपीठिका सांगणे आवश्यक आहे. इथिओपियात जन्मलेले आणि अमेरिकेत कायद्याचे शिक्षण घेतलेले नोआ समारा यांनी १९९० मध्ये ही कंपनी स्थापन केली. आफ्रिकेत एड्सचा फैलाव होत असता त्यासंबंधीची साधी माहितीही तेथील जनतेपर्यंत पोहोचत नाही, या जाणिवेतून उपग्रहाद्वारे थेट खेडोपाडी नभोवाणी नेण्याची ही कल्पना निघाली. २८ ऑक्टोबर १९९८ रोजी 'आफ्रिस्टार' आणि २१ मार्च २००० रोजी 'एशियास्टार' हे उपग्रह फ्रेंच गियानातील कुरू येथून अवकाशात गेले. भारताला ऐकू येई तो एशियास्टार. तो १०५ अंश पूर्व रेखांशावर होता. त्यामुळे पुण्यामुंबईच्या श्रोत्याला आपला अँटेना पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला वळवून मोकळ्या आकाशाकडे धरावा लागे. ज्याची खिडकी पश्चिमेला, त्याला शेजाऱ्याच्या गच्चीचा आश्रय घ्यावा लागत असणार! आरंभीचा हेतू लोकशिक्षणाचा. पण उपग्रह पोसण्याचा खर्च लोकशिक्षणातून निघत नाही. साहजिकच कंपनी वर्गणीदार शोधू लागली, आणि तिला ते सर्वाधिक संख्येने सापडले ते भारतात. बंगळूरला कार्यालय थाटले गेले, ए. आर. रहमान यांच्यासारख्या संगीतकाराचे नाव प्रचाराला लाभले, आणि मध्यमवर्गातील संगीतप्रेमी मंडळी वर्षाची वर्गणी भरून या आकाशस्थ मैफलीची सभासद झाली.

या श्रोत्याला येथे असे काय मिळत होते, की जे अन्यत्र मिळत नव्हते? खाजगी एफ. एम. केंद्रांनी याच सुमारास शहरे व्यापली होती. तीन-चार मिनिटांचे नवे चित्रपटगीत, निवेदकाची अखंड बडबड आणि जाहिराती हे त्यांचे स्वरूप. त्यांत विलंबित ख्यालाला जागा असणे शक्यच नव्हते. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीत होते, पण ते ठरावीक वेळी आणि ठरावीक मिनिटांपुरते. 'गांधर्व' ही चोवीस तासांची वाहिनी होती, आणि तीवर जाहिराती नव्हत्या. ज्या संगीतात रागाला प्रहर असतो, त्या संगीताच्या दृष्टीने चोवीस तास या शब्दांना केवळ सोयीपलीकडचा अर्थ आहे. पहाटेचा ललत पहाटे आणि मध्यरात्रीचा मालकंस मध्यरात्री ऐकविण्याची शक्यताच मुळी अशा वाहिनीने निर्माण होते. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून रात्री घरी येणाऱ्या माणसाला मैफलीला जाणे जमत नाही. ध्वनिमुद्रिकांचा संग्रह करणे खिशाला परवडत नाही. त्याच्या दृष्टीने कुणीतरी जाणकाराने निवडून, क्रम लावून ऐकविलेले गाणे हीच शाळा असते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वाहिनी बंद पडल्याने ध्वनिमुद्रणे नष्ट होत नाहीत. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, कुमार गंधर्व यांचे प्रकाशित गायन ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्यांकडे होते आणि आहे. आज तर ते हातातल्या दूरध्वनीवरही मिळते. नष्ट होते ती निवड. अमुक गायकानंतर तमुक का, एका रागाची तीन घराण्यांतील तीन रूपे एकापाठोपाठ का, अप्रसिद्ध वादकाला अर्धा तास का, या प्रश्नांची उत्तरे देणारी जी बुद्धी वाहिनीमागे उभी असते, तिची कोठेही ध्वनिमुद्रिका नसते. ग्रंथालयातील सारी पुस्तके सुरक्षित ठेवून केवळ ग्रंथपाल आणि सूची काढून घ्यावी, तसा हा प्रकार आहे. श्रोत्याला जे हवे ते तो शोधू शकतो हे खरे. पण जे हवे आहे हे त्याला अद्याप ठाऊकच नाही, ते तो कसे शोधणार?

सेवा का बुडाली, याची कारणे गूढ नाहीत. ऑगस्ट २००५ मध्ये कंपनीचे भाग अमेरिकेच्या शेअरबाजारात आले तेव्हा तिच्याविषयी मोठ्या आशा होत्या. परंतु जगभर मिळून वर्गणीदार राहिले दोन लाखांच्या आसपास, आणि त्यांतील बहुतेक भारतातले. त्याच काळात अमेरिकेतील 'एक्सएम' आणि 'सिरियस' या दोन उपग्रह-नभोवाणी कंपन्यांकडे मिळून पावणेदोन कोटींहून अधिक वर्गणीदार होते. हे अंतर संगीताच्या गोडीचे नव्हते. ते मोटारीचे होते. अमेरिकेत संच मोटारीत कारखान्यातच बसून येई, आणि उंच इमारतींच्या सावलीत उपग्रहाचा संदेश तुटू नये म्हणून शहरांतून जमिनीवरील साहाय्यक प्रक्षेपक उभारले गेले होते. भारतात उपग्रह-नभोवाणीबाबत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००५ मध्ये शिफारशी केल्या. परंतु सेवा बंद पडेपर्यंत स्वतंत्र धोरण काही अमलात आले नाही, आणि त्याविना असे प्रक्षेपक उभे राहणे शक्य नव्हते. संच घरातच अडकला. घरात दूरचित्रवाणी होतीच. अखेर १७ ऑक्टोबर २००८ रोजी कंपनीने अमेरिकेतील न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या मालमत्तेचा जो संभाव्य खरेदीदार पुढे आला होता, त्याला भारतातील वर्गणीदारांचा व्यवसाय नको होता. एवढ्या एका नकाराने येथील वाहिन्यांचा निकाल लागला.

तोट्यातील धंदा चालवीत राहा, असे कोणत्याही कंपनीला सांगता येणार नाही. तसे सांगणे हा भाबडेपणा होईल. प्रश्न बंद करण्याच्या अधिकाराचा नसून बंद करण्याच्या रीतीचा आहे. आगाऊ पैसे भरलेला वर्गणीदार दिवाळखोरीच्या कायद्याच्या दृष्टीने कोण असतो? अनेक धनकोंपैकी एक. उपग्रहाचे, बँकांचे, रोखेधारकांचे कोट्यवधी डॉलर एका पारड्यात, आणि नाशिकच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाची उरलेल्या आठ महिन्यांची वर्गणी दुसऱ्या पारड्यात. त्याने ती वसूल करण्यासाठी डेलावेअरच्या न्यायालयाची पायरी चढावी, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. पुन्हा वर्गणी ही त्याच्या हानीचा लहानसा भाग. बहुतेक संच या एका सेवेसाठीच घडविलेले होते. त्यांना दुसरे काहीही ऐकू येत नव्हते.

या ठिकाणी एका जुन्या प्रसंगाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ मज्जाव झाला. श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी फक्त काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. काटा फिरविण्याचे हे सामर्थ्य म्हणजे सामान्य श्रोत्याचा नकाराधिकार होता, आणि त्यापुढे मंत्र्यालाही नमावे लागले. उपग्रहाच्या संचावर काटा नव्हता असे नाही. पण तो जेथे जेथे फिरत होता ती प्रत्येक जागा एकाच मालकाची होती. (याच केसकरांच्या कारकिर्दीत शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रमही सुरू झाला, हे न सांगणे अन्यायाचे होईल.)

भारतात या वाहिन्या मुक्या झाल्या त्यानंतर अवघ्या दोन-तीन महिन्यांनी, मार्च २०१० मध्ये, ब्रिटनमध्ये बी.बी.सी.च्या व्यवस्थापनाने खर्चात कपात करण्यासाठी 'सिक्स म्युझिक' आणि 'एशियन नेटवर्क' या दोन नभोवाणी वाहिन्या बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. 'सिक्स म्युझिक' ही केवळ डिजिटल मार्गाने ऐकू येणारी, वेगळ्या वाटेच्या संगीताची वाहिनी. तिचे श्रोते मर्यादित होते. परंतु व्यवस्थापनाच्या वर 'बी.बी.सी. ट्रस्ट' नावाचे मंडळ होते. प्रस्तावावर लोकमत घेण्यात आले. हजारो श्रोत्यांनी आपले म्हणणे कळविले, आणि जुलैमध्ये ट्रस्टने 'सिक्स म्युझिक' बंद करण्यास नकार दिला. ती वाहिनी पुढे टिकली, इतकेच नव्हे तर तिचे श्रोते वाढले. तेथील श्रोताही पैसेच भरतो, परवान्याच्या रूपाने. फरक इतकाच, की त्याच्या पैशाबरोबर त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधनही कुणावर तरी होते.

सरकारी म्हणवली जाणारी वाहिनी आपोआप सुरक्षित राहते, अशी मात्र कुणाची समजूत होऊ नये. १८ मे १९८८ रोजी सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरच्या एक हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून रात्रभर ऐकू येत असे. रात्रपाळीचे कामगार, पहारेकरी, मालमोटारींचे चालक, परीक्षेसाठी जागणारे विद्यार्थी यांचा रात्रीचा सोबती म्हणून तिची योजना होती. जानेवारी २०१९ मध्ये खर्चाच्या कारणाने तीही बंद करण्यात आली. या श्रोत्यांपैकी कुणालाही कुणी विचारले नव्हते. दिवाळखोर खाजगी कंपनी आणि सार्वजनिक महामंडळ यांच्या वागण्यात या एका बाबतीत फारसे अंतर दिसत नाही, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

आता जतनाचा प्रश्न. १९५४ च्या कायद्यान्वये भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि अन्य नियुक्त सार्वजनिक ग्रंथालयांस द्यावी लागते. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय हे त्यांपैकी एक. प्रकाशन संस्था बुडाली, प्रकाशक परागंदा झाला, तरी पुस्तक उरते. प्रक्षेपणाला असे कोणतेही बंधन लागू नाही. दूरचित्रवाणी वाहिन्यांनी आपल्या प्रक्षेपणाचे मुद्रण ९० दिवस ठेवावे असा दंडक आहे. परंतु त्याचा हेतू देखरेखीचा आहे, संग्रहाचा नव्हे. एक्याण्णवाव्या दिवशी ते पुसले तरी कुणाची तक्रार नाही. फ्रान्सने २० जून १९९२ च्या कायद्याने नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांनाही पुस्तकाप्रमाणेच सक्तीच्या जमेच्या कक्षेत आणले आणि त्यासाठी राष्ट्रीय दृक्श्राव्य संस्थेवर जबाबदारी सोपविली. तेथे संशोधकाला एखाद्या वर्षीच्या एखाद्या सायंकाळी श्रोत्यांच्या कानी काय पडत होते, हे ताडून पाहता येते. 'गांधर्व' वाहिनीने आपल्या आयुष्यात कोणते कलावंत किती वेळा ऐकविले, कोणत्या रागांना न्याय दिला, कोणत्या घराण्याकडे दुर्लक्ष केले, याची नोंद कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयात जमा व्हावी असे कारणच कायद्याने निर्माण केले नव्हते.

हे बदलणे फार खर्चाचे नाही. सर्व ध्वनी साठविणे शक्य नसेल, तर निदान दैनंदिन कार्यक्रमपत्रिका, म्हणजे काय वाजले, कोणाचे वाजले, किती वेळ वाजले याची यादी, परवानाधारकाने दर वर्षी जमा करावी. परवान्याच्या अटींत एक कलम वाढविण्याचा हा प्रश्न आहे. वाहिनी बंद करावयाची असल्यास किमान तीन महिन्यांची जाहीर सूचना द्यावी, आणि आगाऊ घेतलेली वर्गणी कंपनीच्या सर्वसाधारण तिजोरीत न मिसळता निराळ्या खात्यात ठेवावी, जेणेकरून ती धनकोंच्या रांगेत अडकणार नाही. यावर असा आक्षेप येईल, की अशा अटींनी परकी कंपन्या येथे येणारच नाहीत. तथापि विमा आणि बँकव्यवसाय यांत याहून कितीतरी कडक अटी असूनही परकी कंपन्या आल्याच. संगीताच्या श्रोत्याचे पैसे कमी असतात म्हणून त्यांची राखण कमी करावी, या युक्तिवादाला तर्काचा आधार नाही. आज संगीत, चित्रपट, पुस्तके, वृत्तपत्रे सारेच वर्गणीवर मिळू लागले असल्याने हा प्रश्न त्या जुन्या संचांपुरता उरलेलाही नाही.

वर्ल्डस्पेसचे उपग्रह पुढे समारा यांच्याच दुसऱ्या एका कंपनीकडे गेले. भारतातील वाहिन्या मात्र परतल्या नाहीत. २६ जानेवारी २०१६ रोजी आकाशवाणीने बंगळूरहून 'रागम्' ही शास्त्रीय संगीताची चोवीस तासांची वाहिनी सुरू केली. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धती तीत एकत्र होत्या, आणि तिला आकाशवाणीच्या अनेक दशकांच्या ध्वनिसंग्रहाचा आधार होता. तीही उपग्रहावरूनच, घरोघरच्या दूरचित्रवाणीच्या तबकड्यांतून, ऐकू येऊ लागली. 'गांधर्व'चा श्रोता या वाहिनीकडे वळला असेल तर सहा वर्षांनी, आणि खिडकीतला जुना अँटेना काढून ठेवून.