शाळेच्या खिडक्या उघडतात का?

२०२१ च्या अखेरीस संमतिपत्राचा कागद वस्तीतल्या बहुतेक घरांत पडून होता. कुणाच्या टीव्हीखाली, कुणाच्या रेशनकार्डाच्या पिशवीत. शहरांतले पहिली ते सातवीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून सुरू करायला राज्य सरकारने परवानगी दिली. ओमायक्रॉन आल्यामुळे मुंबई महापालिकेने ते १५ डिसेंबरवर नेले. मुलाला शाळेत पाठवायला आमची हरकत नाही, असे पालकांनी लिहून द्यायचे होते. हजेरीची सक्ती नव्हती. म्हणजे निर्णय आपल्या घरावर सोपवला होता, आणि त्यावरून घराघरांत दोन तट पडले होते. तारीख पुन्हा बदलण्याची शक्यताही होती. ऑगस्ट २०२१ मध्ये १७ तारीख जाहीर होऊन मागे घेतली गेली, हे आपण पाहिलेच होते. सही करण्याआधी काय बघायचे ते या वेळी लिहीत आहोत.

तेव्हा एका रविवारी याच विषयावर विहारात पालकांची बैठक झाली. आम्ही आरोग्याची माहिती द्यायला गेलो होतो, पण पहिला तासभर नुसते ऐकतच होतो. शाळेतून एक बाई आणि एक सर आले होते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका ताई उठल्या. म्हणाल्या, "माझी पोरगी तिसरीत आहे. मार्च २०२० ला शाळा बंद झाली तेव्हा पहिलीत होती. आता स्वतःचं नाव लिहिताना अडखळते. अजून किती बसवू घरी?" त्यांच्या मागेच रिक्षा चालवणारे एक दादा बसले होते. त्यांची आई एप्रिलमध्ये गेली. ऑक्सिजनचा बेड मिळेपर्यंत उशीर झाला होता. ते एवढेच म्हणाले, "माझ्या घरात एकदा येऊन गेलाय तो. मला कुणी शाळेचं समजावू नका."

दोघांचेही खरे आहे. या भीतीला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पण भीती नेमकी कशाची धरायची, हे समजून घेतले पाहिजे.

करोनाचा विषाणू पसरतो तो मुख्यतः हवेतून. बाधित माणूस बोलतो, खोकतो, मोठ्याने वाचतो तेव्हा तोंडातून अगदी बारीक थेंब बाहेर पडतात. त्यातले मोठे लगेच खाली पडतात, बारीक मात्र हवेत तरंगत राहतात. अगरबत्तीचा धूर डोळ्यांसमोर आणा. दार-खिडकी लावून खोलीत अगरबत्ती पेटवली तर थोड्या वेळाने कोपऱ्यात बसलेल्यालाही वास येतो आणि विझल्यावरही तो राहतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की धूर निघून जातो. मोकळ्या मैदानात तर तो जाणवतही नाही. विषाणूचे असेच आहे. त्याचा प्रकार डेल्टा असो की ओमायक्रॉन, वाट हवेचीच.

म्हणून शाळेच्या दारात कपाळावर धरायचे तापमापक यंत्र आणि टेबलावर सॅनिटायझरची बाटली बघून समाधान मानू नका. बाधा झालेल्या पुष्कळ मुलांना ताप येतच नाही, त्यामुळे ते यंत्र त्यांना पकडू शकत नाही. बाके पुसण्याचा उपयोग त्याहूनही कमी. हात धुणे चांगलेच, कारण जुलाब, कावीळ, टायफॉइड त्याने टळतात, आणि आपल्या मुलांना ते आजार करोनाच्या आधीपासून छळत आहेत. पण या विषाणूसाठी पहिला प्रश्न वर्गातल्या हवेचा आहे. खिडक्या किती, त्यातल्या उघडतात किती, पंखा चालतो का, एका वर्गात किती मुले बसवणार? हे विचारा.

सरांनी तिथेच प्रामाणिकपणे सांगितले, "खिडक्या आहेत, पण एका बाजूला नाला आहे. वास आणि डासांमुळे त्या बाजूच्या आम्ही कित्येक वर्षांत उघडलेल्या नाहीत." यावर बराच गोंधळ झाला. नाल्याची तक्रार वस्तीही वर्षानुवर्षे करते आहे, तेव्हा चिडण्यात नवल नव्हते. शेवटी ठरले ते असे, की त्या खिडक्यांना जाळी बसवून मागायची आणि तोवर निदान दार व समोरची बाजू पूर्ण उघडी ठेवायची. ही मागणी तोंडी करू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, आणि निम्म्या महिला. आपल्या शाळेच्या समितीवर कोण आहे, हे बैठकीतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. शोधून काढा. खिडक्यांची जाळी, मुतारीतले पाणी, पंखे यांचा अर्ज त्या समितीमार्फत लेखी द्या आणि पोच घ्या.

आता मुलांच्या जिवाचा प्रश्न. मुलांना करोना होतो, पण बहुतेकांना सौम्य होतो. विषाणूला शरीराच्या पेशीत शिरण्यासाठी पेशीवर एक ठरावीक जागा लागते. लहान मुलांच्या नाकात अशा जागा मोठ्यांपेक्षा कमी असतात, हे त्यामागचे एक कारण. याच आधारावर जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी आधी प्राथमिक शाळा उघडाव्यात, मात्र त्याआधी शिक्षक व कर्मचाऱ्यांचे लसीकरण करावे, असे मत मांडले होते. आपल्याकडे झाले उलटे. मुंबईत आठवी ते बारावी ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडली आणि सगळ्यात लहान मुले सगळ्यात शेवटी राहिली.

आणि घरात बसवल्याने मूल विषाणूपासून दूर राहिले, हा समज आपल्या वस्त्यांपुरता तरी खरा नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन विभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात करोनाच्या प्रतिपिंडांचा पुरावा मिळाला, इमारतींत १६ टक्के. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, एक दार आणि खिडकी नाही, तिथे दुसरे काय होणार? २०२१ च्या एप्रिल ते जून या काळात महापालिकेने फक्त मुलांची तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक म्हणजे ५१ टक्के मुलांत प्रतिपिंडे सापडली. शाळा तर तेव्हाही बंदच होती. प्रतिपिंडे सापडली म्हणजे पुन्हा होणार नाही असे मात्र समजू नका.

काही मुलांच्या बाबतीत सही करण्याआधी डॉक्टरांना विचाराच. हृदयाला छिद्र, मूत्रपिंडाचा आजार, कर्करोगाचा उपचार, क्षयाची औषधे चालू असलेली मुले, आणि सिकलसेलची मुले. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. तिथून मुंबईत आलेल्या कुटुंबांनी मुलाचे लाल किंवा पिवळे कार्ड असेल तर ते सोबत न्यावे. दमा औषधाने आटोक्यात असेल तर सहसा शाळेला अडचण नसते.

एक दुर्मीळ पण गंभीर गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. करोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही थोड्या मुलांना वेगळाच त्रास सुरू होतो. तीन दिवसांहून जास्त जोराचा ताप, डोळे लाल, अंगावर पुरळ, ओठ-जीभ लालभडक, पोटदुखी, उलट्या, आणि मूल सुस्त पडणे. आधीचा करोना कळलेलाही नसतो. अशा वेळी गल्लीतल्या दवाखान्यात सुई मारून घेण्यात दिवस घालवू नका. बालरोगतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी न्या. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक मुले बरी होतात.

खरा धोका मुलापेक्षा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आहे. मूल शाळेतून विषाणू घेऊन आले तर आजी-आजोबा सापडतात. म्हणून बैठकीत आम्ही विचारले, कुणाच्या घरात मोठ्या माणसाचा दुसरा डोस राहिला आहे? निम्म्याहून जास्त हात वर गेले. कारणे ऐकली तर त्यात अफवा कमी आणि पोट जास्त होते. "पहिल्या डोसला दोन दिवस ताप आला, दोन खाडे झाले, बाईने पैसे कापले." हे सांगणाऱ्या ताईंना लसीचे महत्त्व कुणी शिकवायला नको. सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी डोस घ्या, म्हणजे ताप सुट्टीत निघून जातो. तेव्हा पालिकेच्या केंद्रांवर लस मोफत होती. २०२१ च्या अखेरच्या नियमाप्रमाणे कोव्हिशील्डचा दुसरा डोस ८४ दिवसांनी, कोव्हॅक्सिनचा २८ दिवसांनी होता. मुदत उलटून गेली असली तरी दुसराच डोस घ्यायचा असतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मुलांसाठी लस तेव्हा सुरू झालेली नव्हती. तोवर घरातल्या मोठ्यांची लस हेच मुलाच्या घराचे संरक्षण होते.

शाळा बंद ठेवण्याचीही आरोग्याला किंमत असते, हे मात्र टीव्हीवरच्या चर्चांत फार कमी ऐकू येत होते. दुपारचे शिजवलेले जेवण बंद झाले. कोरडा शिधा मिळाला तिथे तो घरातल्या सगळ्यांत वाटला गेला, आणि तसा तो वाटला जाणारच. जंताची गोळी, लोहाची गोळी शाळेतच मिळत होती. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्यां द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत सुमारे १४०० गरीब घरांतल्या मुलांची पाहणी केली. ग्रामीण दलित-आदिवासी मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी फक्त ४ टक्के निघाली, इतर ग्रामीण मुलांत १५ टक्के. शाळा सगळ्यांच्याच बंद होत्या, पण शिक्षण कुणाचे जास्त बंद पडले ते या दोन आकड्यांत दिसते. आपल्या वस्तीत एक फोन, तो वडिलांसोबत कामावर, आणि संध्याकाळी रिचार्ज संपलेला.

बैठक अडली ती वेगळ्याच ठिकाणी. बाई म्हणाल्या, "आजारी मुलाला घरी ठेवा एवढंच आम्ही मागतो. सकाळी तापाची गोळी देऊन पाठवतात, अकरा वाजता ताप पुन्हा चढतो, तोवर मूल वर्गात दोन तास बसलेलं असतं. माझ्याही घरी मधुमेहाची सासू आहे." त्यावर एक आई ताडकन म्हणाल्या, "मग त्याच्याजवळ बसायचं कुणी, बाई? मी काम सोडून?" थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग महिला मंडळाच्या मावशींनी वही मागवली आणि गल्लीवार दुपारी घरी कोण असते, लस कुणाची पूर्ण आहे, याची यादी तिथेच बसून केली. आजारी मूल आपल्याच घरात, दार उघडे ठेवून, आणि शेजारच्या मावशींनी बाहेरून येता-जाता बघायचे, पाणी-पेज द्यायची. अशी व्यवस्था आपापल्या वस्तीत करता येते का बघा. शिक्षकांनीही गैरहजेरीबद्दल मुलाला बोलणार नाही असा शब्द दिला.

मास्कबद्दल थोडक्यात. तीन पदरी कापडी मास्क, नाकावर नीट बसणारा. एक जास्तीचा दप्तरात द्या, कारण घामाने-लाळेने भिजलेला मास्क बदलावा लागतो. डबा खाताना मास्क निघतोच, म्हणून डबा व्हरांड्यात किंवा मैदानात खाऊ द्या. आणि कृपा करून मुलांना रोज वाफ देऊ नका. वाफेने विषाणू मरत नाही, भांडे कलंडून पोळण्याचा धोका मात्र असतो.

रिक्षावाल्या दादांनी त्या दिवशी सही केली नाही. कुणी आग्रहही केला नाही. घरी वडील आहेत, त्यांचा दुसरा डोस जानेवारीत आहे, तोवर थांबतो म्हणाले, आणि ते रास्तच आहे. पण गुरुवारी आम्ही काही पालक वर्ग बघायला गेलो तेव्हा ते रिक्षा लावून सोबत आले. त्यांनीच वर्गात अगरबत्ती पेटवून धरली. तिसरीच्या वर्गातला धूर दाराकडे सरकत गेला. पहिलीच्या वर्गात तो छताखाली साचून राहिला. तिथल्या चारपैकी दोन खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या निघाल्या. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली. रविवारी वस्तीतले सुतार ते खिळे काढणार होते.