तीन घरं, तीन बिलं

पूर्वी घरात बिलं किती यायची? लाईटचं, नळाचं आणि ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडे फोनचं. आता त्यात नेटच्या बिलाची भर पडलीय. आमच्याकडे तर ते एक नाही, तीन! एक आमच्या वाशीमच्या घरचं, दुसरं मानोरा तालुक्यातल्या गावच्या घरचं, जिथे सासूबाई राहतात, आणि तिसरं पुण्यात लेकीच्या भाड्याच्या फ्लॅटचं. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकींचं असंच असेल. आपण नोकरीधंद्यासाठी जिल्ह्याच्या गावी, म्हातारी माणसं खेड्यात आणि मुलं शिकायला पुण्या-नागपूरला. संसार एक, चुली तीन, आणि प्रत्येक घरात वाय-फायची एक लुकलुकणारी डबी.

मागच्या दिवाळीनंतर मी हिशेबाची वही घेऊन बसले. तिन्हीकडे ४९९ रुपयांचा प्लॅन. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एका घराचे ५८९. तिन्हींचे मिळून महिन्याला १,७६७ आणि वर्षाचे २१ हजारांवर! डोळेच पांढरे झाले. एवढ्यात लेकीच्या मेसचे पाच-सहा महिने निघाले असते.

काहीतरी कमी करायचंच, असं ठरवलं. पहिली नजर गेली गावच्या घराकडे. तिथे आम्ही जाणार सणासुदीला. सासूबाई पंचाहत्तरीच्या. त्या मोबाईलवर ना सिरियल बघत, ना व्हॉट्सअॅप. त्यांना कशाला हवंय नेट? ह्यांनाही ते पटलं. डिसेंबरात गावचा रिचार्ज केलाच नाही.

आठ दिवसांनी गावाहून शेजारच्या काकूंचा फोन आला. "अवो, तुमच्या सासूबाई रातच्या ओट्यावर बसून राह्यतात. थंडी केवढी पडली! सांगा ना जरा त्यायले."

मला काही कळेना. शनिवारी आम्ही गावी गेलो. विचारलं, "आई, एवढ्या थंडीत बाहेर का बसता?"

"घरात फोन वाजतच नाही ना बाई आता," त्या म्हणाल्या. "तुही पोरगी रातच्याले फोन करते. तिचं बोलणं झालं नाही तं मले झोप येत नाही. मंग बसतो ओट्यावर."

मी सुन्न झाले. आमचं गावचं घर जुनं, धाब्याचं. मातीच्या भिंती हातभर जाड. आत टॉवरची रेंज येतच नाही. दिवसा त्या अंगणात असतात, म्हणून माझे फोन लागत होते. रात्रीचा फोन मात्र वाय-फायवरून यायचा. लेकीनं आपला जुना स्मार्टफोन आजीला दिला, तेव्हाच त्यात 'वाय-फाय कॉलिंग' सुरू करून दिलं होतं. ही सोय आपल्याकडे एअरटेलनं डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओनं जानेवारी २०२० मध्ये आणली. रेंज नसली तरी नेहमीच्याच नंबरवरचा साधा फोन घरातल्या वाय-फायवरून येतो. वेगळं अॅप लागत नाही, कॉलचे वेगळे पैसे पडत नाहीत. बटणांच्या साध्या फोनमध्ये मात्र सहसा ही सोय नसते.

म्हणजे ज्या घरात नेट कुणी वापरत नाही असं मी म्हणत होते, तिथेच त्याची सगळ्यात जास्त गरज होती! त्याच संध्याकाळी रिचार्ज केला.

मग वही पुन्हा उघडली. या वेळी प्रश्न बदलला. कोणतं बंद करायचं हा नाही, तर कुठे किती लागतं हा. २००४ च्या सरकारी धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेग असला की त्याला ब्रॉडबँड म्हणत. २०२३ पासून ही मर्यादा २ मेगाबिट झाली. फोनवरच्या बोलण्याला तर १०० किलोबिटच्या आसपास वेग पुरतो. मग गावाला सगळ्यात छोटा, ३९९ चा प्लॅन घेतला. वाशीमलाही आम्ही दोघंच, म्हणून इथेही तोच. पुण्यात लेकीसोबत आणखी दोघी राहतात, पण पैसे आम्हीच भरत होतो. आता तिघी वाटून घेतात. महिन्याचा खर्च १,१३८ वर आला. वर्षाचे साडेसात हजार वाचले, आणि एकही घर तुटलं नाही.

आणखी दोन गोष्टी सांगते. तिन्ही कनेक्शन ह्यांच्या मोबाईल नंबरवर होती. गावचं नेट बिघडलं की ओटीपी ह्यांच्याकडे जायचा आणि हे नेमके मीटिंगमध्ये असायचे. गावच्या कनेक्शनला आता माझा नंबर दिलाय. दुसरं म्हणजे, लाईट गेली की डबीही बंद पडते. खेड्यात हे नेहमीचंच. म्हणून तिला एक छोटा यूपीएस जोडून दिला. आणि हो, एखादं कनेक्शन खरंच बंद करणार असाल तर डबी परत दिल्याची पावती घ्या, अनामत भरली असेल तर तीही मागून घ्या.

परवा रात्री नऊला गावी फोन केला. मागे भिंतीवरच्या घड्याळाचे टोले ऐकू आले. तरी विचारलंच, "आई, घरातच आहात ना?"

"हाव बाई," त्या म्हणाल्या, "गोधडीत हाये."